हंगामी माणसं, वार्षिक लायसन्स: दिवाळी अंकाच्या कचेरीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कचेरी पुण्यातली, अप्पा बळवंत चौकातून चालत दहा मिनिटांवर. कायमची माणसं अकरा, त्यांत पानं लावणारे तिघे. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. आमच्या चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

वर्षाचं चक्र ठरलेलं. फेब्रुवारी ते मे शाळांच्या व्यवसायमाला, नोव्हेंबर-डिसेंबरात पतसंस्थांच्या डायऱ्या, आणि मधे आषाढापासून दिवाळी अंक. अंक तीन: एक साहित्याचा, एक मुलांचा, एक पाककृतींचा. एरवी तिघांच्या आवाक्यातलं काम या चार महिन्यांत दहा जणांचं होतं. म्हणून दर वर्षी हंगामी माणसं येतात. कुणी सांगलीत घरी बसून पानं लावतो, कुणी नाशिकहून, एखादा कचेरीतच येऊन बसतो. पगारपत्रक नाही, हजेरी नाही. पानामागे किंवा चित्रामागे दर ठरतो आणि टीडीएस कापून पैसे जातात.

पूर्वी सॉफ्टवेअरचा हिशेब डोळ्यांना दिसायचा. मराठी फाँटचं पॅकेज डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची छोटी किल्ली, लावल्याशिवाय चालत नसे, आणि डोंगल ज्याच्या संगणकाला तोच पानं लावणार. काम संपलं की डोंगल अण्णांच्या कपाटात. अण्णा म्हणजे मालक. अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये इनडिझाइन, फोटोशॉप अशा पानं लावायच्या आणि चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं थांबवून वर्गणीची पद्धत आणली, तेव्हापासून या कपाटाचं महत्त्व संपलं. आता लायसन्स माणसाच्या ईमेलला चिकटतं. माणूस सांगलीत, लायसन्स त्याच्या खात्यात, आणि पैसे भरणारे आम्ही पुण्यात.

मी निर्मिती विभाग पाहते. सॉफ्टवेअर हे माझं काम कधीच नव्हतं. खरेदीच्या दिवशी अर्जावर माझा ईमेल लिहिला गेला, तेवढ्यावरून मी 'अ‍ॅडमिन' झाले.

जुलै २०२३ मध्ये आम्ही एका विक्रेत्यामार्फत दहा लायसन्स घेतली. तीन कायमच्या माणसांसाठी, सात हंगामी माणसांसाठी. करार वर्षाचा, नूतनीकरणाची तारीख १८ जुलै. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे लक्ष्मीपूजन थेट १२ नोव्हेंबरला होतं, म्हणजे हंगाम लांबलेला. सात जणांना कचेरीच्या गूगल वर्कस्पेसवर ईमेल खातीही दिली. ती वेगळ्या योजनेत होती, दर महिन्याला चालू खात्यांचं बिल येणारी.

माणसं किती लागतील यावर दोन बैठका झाल्या होत्या. ती गेल्यावर लायसन्सचं काय करायचं, हा प्रश्न एकाही बैठकीत निघाला नाही.

अडचण

अडचण एक नव्हती, दोन होत्या, आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या.

पहिली जून २०२४ मध्ये कळली. नूतनीकरणाची आठवण करून देणारा ईमेल आला म्हणून मी बऱ्याच महिन्यांनी अ‍ॅडमिनचं पान उघडलं. दहाही लायसन्स नावांवर लागलेली होती. हंगामी सातांपैकी एकही आमच्याकडे काम करत नव्हता. आठ महिने ती लायसन्स नुसती पडून होती. एक मात्र रोज वापरात होतं, सांगलीच्या मुलाचं. मी फोन केला.

"ताई, हो की, वापरतोय. लग्नपत्रिका करतो मी. तुम्ही काढून घेतो म्हणाला नाहीत, मला वाटलं वर्षभराचं दिलंय."

त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. देताना आम्ही 'हे घे, लॉगिन कर' एवढंच म्हटलं होतं.

दुसरी अडचण त्याच महिन्यात आली आणि तिने जास्त दुखावलं. मुलांच्या अंकातल्या निवडक गोष्टींचं पुस्तक शाळा सुरू होताना काढायचं ठरलं होतं. दोन फर्मे, म्हणजे ३२ पानं, नाशिकच्या एका कलाकार मुलीने लावली होती. तिचं काम सुरेख, वेळेवर, आणि जाताना तिने सगळं 'ड्राइव्हवर आहे' असं सांगितलंही होतं. होतंच. पण ते तिच्या खात्याच्या ड्राइव्हवर होतं, आणि ते खातं मी जानेवारीत स्वतःच पुसायला सांगितलं होतं. दर महिन्याला गूगलचं बिल येतं आणि माणूस तर गेलेलं आहे, असं हिशेब पाहणाऱ्या काकांनी दाखवून दिलं आणि मी फोनवरच त्यांना 'डिलीट करून टाका' म्हटलं. पुसताना फाइली दुसऱ्याच्या नावावर करण्याचा पर्याय समोर येतो. काकांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुसलेलं खातं वीस दिवसांत परत आणता येतं. आम्हाला कळलं ते पाच महिन्यांनी.

उरली होती फक्त छापखान्याला पाठवलेली पीडीएफ. ज्यांनी पीडीएफमधून देवनागरी मजकूर उचलायचा प्रयत्न केला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनाला सोडून पलीकडे जाऊन बसते. लेखकांच्या मूळ फाइली होत्या, पण मुद्रितशोधकाच्या दुरुस्त्या थेट पानांवर झाल्या होत्या आणि पानं गेली होती. दोघांनी नऊ दिवस बसून ती ३२ पानं पुन्हा लावली, पुन्हा तपासली. पुस्तक जूनऐवजी जुलैअखेर बाजारात गेलं, तेव्हा शाळांची खरेदी उरकली होती.

सांगलीचं लायसन्स विसरलो त्यात पैसे गेले. नाशिकचं खातं तत्परतेने बंद केलं त्यात काम गेलं. बैठकीत अण्णांनी पहिल्या गोष्टीवर अर्धा तास घेतला आणि दुसरीवर पाच मिनिटं, कारण पहिलीचं बिल हातात होतं. माझ्या मते नुकसानीचा क्रम उलटा होता.

तिसरी एक बारीक गोष्ट होती. कचेरीत बसणाऱ्या दोन हंगामी ऑपरेटरांनी हंगामाच्या मध्यावर एकच लॉगिन वाटून घेतलं होतं, कारण एकाचं आमंत्रणाचं ईमेल स्पॅममध्ये गेलं आणि मला सांगायला कुणाला वेळ नव्हता. म्हणजे पैसे दहांचे भरले आणि तरी नियम मोडला. एक लायसन्स एका माणसाचं असतं. त्याच माणसाला ते दोन संगणकांवर चालू ठेवता येतं, पण दोन माणसांनी ते वाटून घेणं अटींत बसत नाही.

कोणकोणते पर्याय होते

१८ जुलैला नूतनीकरण. हाताशी पाच आठवडे. आम्ही चौघे बसलो: अण्णा, काका, मी आणि आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर, ज्यांनी खिळे जुळवण्याच्या काळापासून पानं लावली आहेत.

काकांनी एक सोय केली, ती पुढे फार उपयोगी पडली. दर बदलतात, सवलती बदलतात, सगळी अ‍ॅप्स आणि एकच अ‍ॅप यांच्या किमतीत फरक असतो. म्हणून त्यांनी रुपये बाजूला ठेवले आणि 'खुर्ची-महिने' मोजले. एक लायसन्स एक महिना म्हणजे एक खुर्ची-महिना. २०२३-२४ मध्ये आम्ही १० गुणिले १२, म्हणजे १२० खुर्ची-महिने विकत घेतले होते. खरी गरज होती कायमच्या तिघांची ३६ आणि सात जणांची चार महिन्यांची २८. एकूण ६४. जवळपास निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

अण्णांचा पहिला कौल सोपा होता: ज्याने त्याने आपलं सॉफ्टवेअर आणावं, सुतार आपली करवत आणतो तसं. दर पानामागे थोडा वाढवून देऊ. ऐकायला बरं वाटलं. पण हंगामी माणूस चार महिन्यांसाठी स्वतः वर्गणी घेतो तेव्हा काय होतं ते आम्ही कागदावर मांडलं. वैयक्तिक योजनांत 'वार्षिक, पण पैसे महिन्याला' हा प्रकार स्वस्त दिसतो. पहिल्या चौदा दिवसांनंतर ती मधेच सोडली तर उरलेल्या रकमेच्या निम्मे भरावे लागतात. चार महिने वापरून सोडली तर चार अधिक आठाचे निम्मे, म्हणजे आठ महिन्यांचे पैसे. खरोखर महिन्याच्या कराराची योजना वेगळी आणि महाग. आम्हाला मिळालेल्या दरात ती दीडपटीच्या आसपास होती, म्हणजे चार महिन्यांना सहाचे पैसे. पानामागच्या दरात हे कोण धरतो? कुणी धरत नाही. मग माणूस काय करतो हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत. त्यावर आमचे जुने ऑपरेटर जे बोलले ते कायद्याबद्दल नव्हतं. "क्रॅकवाला नेहमी जुन्या आवृत्तीवर असतो. आपली फाइल त्याच्याकडे उघडत नाही, मग आयडीएमएल, म्हणजे जुन्या आवृत्तीत उघडणारी फाइल, करून द्या म्हणतो. आयडीएमएल परत आली की ओळी सरकलेल्या, पानाखालच्या दोन ओळी पुढच्या पानावर. एक अंक तर मी दोनदा लावलाय असा." कायद्याची बाजू काकांनी वाचून दाखवली. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. आमच्या कचेरीतल्या संगणकावर तशी प्रत सापडली तर 'ती हंगामी माणसाची' असं म्हणून सुटका होणार नाही, हे सगळ्यांनाच पटलं.

दुसरा पर्याय, पूर्ण अंकच बाहेरच्या डीटीपी केंद्राला देणं. लायसन्सची डोकेदुखी त्यांची. पाककृतींच्या अंकासाठी हे जमण्यासारखं होतं, कारण त्याची पानं साचेबद्ध. साहित्याच्या अंकात शेवटच्या आठवड्यात जाहिराती येतात, कथा कापल्या जातात, कवितेचं पान तीनदा हलतं. ते बाहेर बसून होत नाही.

तिसरा, मुक्त सॉफ्टवेअर. २०२४ च्या सुरुवातीला स्क्रायबस १.६ आलं होतं, त्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. मी दोन दिवस वापरून पाहिलं. एखादं साधं पुस्तक त्यात लागेल. पण तीन माणसांची वीस वर्षांची सवय जुलैमध्ये बदलायची नसते. चित्रकारांची गोष्ट निराळी होती, ती पुढे येते.

चौथा, कंपनीच्या नावावरचीच लायसन्स ठेवायची पण ती फिरवायची. करारातलं लायसन्स संस्थेचं असतं. एकाचं काढून दुसऱ्याला देता येतं. दिवाळीनंतर तीच खुर्ची डायऱ्यांच्या माणसाला, जानेवारीनंतर व्यवसायमालांच्या माणसाला.

यात काकांनी एक मुद्दा काढला, जो प्रकाशन धंद्याबाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येणार नाही. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी. इतर धंदे तो पुढे वळता करून घेतात. छापील पुस्तकं आणि नियतकालिकं करमुक्त, त्यामुळे त्यांच्या वाट्याचा कर परत मिळत नाही. छापील जाहिरातींवर पाच टक्के कर लागतो, तेवढ्या भागापुरताच वळता होतो. रिकाम्या खुर्चीचा करसुद्धा आमच्याच खिशातून जात होता.

निर्णय आणि कृती

चौथा पर्याय धरला. पण खरी कलाटणी एका भलत्याच प्रश्नाने मिळाली. मी सात नावं फळ्यावर लिहिली आणि जुने ऑपरेटर म्हणाले, "यातला प्रूफवाला इनडिझाइन कशाला उघडतो?"

खरंच कशाला? पानं पाहायला. २०२३ मध्ये त्याला लायसन्स दिलं गेलं ते फक्त पानं दिसावीत म्हणून. पीडीएफवर खुणा आणि टिपा फुकटच्या रीडरमध्येही करता येतात. दोन चित्रकारांना फोटोशॉप दिलं होतं, पण ते आम्हाला शेवटी एक टिफ फाइल पाठवतात. ती त्यांनी कशात काढली याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. त्यातला एक आधीपासूनच क्रिता या चित्रं काढायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काढत होता आणि आम्ही दिलेलं लायसन्स त्याने एकदाही उघडलं नव्हतं. सातांचे चार झाले. पाच आठवड्यांतला सगळ्यांत मोठा फायदा या दहा मिनिटांत झाला, आणि त्याला ना विक्रेता लागला ना कुठली यंत्रणा.

१८ जुलै २०२४ ला तीन अधिक चार अशी सात लायसन्स नव्याने घेतली. सांगलीच्या मुलाला आठ दिवस दिले. त्याने आपल्या पत्रिका हलवल्या, आमची जुनी पानं नीट बांधून पाठवली. त्याचं लायसन्स लगेच तोडावं असं अण्णांचं मत होतं. मी अडून बसले, कारण नाशिकचा अनुभव ताजा होता.

मग एक तक्ता केला. साधी स्प्रेडशीट. नाव, काम, कोणतं सॉफ्टवेअर, शेवटचं पान छापखान्यात जाण्याची तारीख, आणि लायसन्स काढण्याची तारीख. शेवटची तारीख छापखान्याच्या तारखेनंतर पंधरा दिवसांनी धरली, कारण छपाई सुरू झाल्यावरही एखादी जाहिरात बदलते. लायसन्स द्यायच्या दिवशीच काढायची तारीख लिहायची, नाहीतर आमंत्रण पाठवायचं नाही, हा नियम.

काम देताना एक पत्र द्यायला लागलो. एकच पान. सॉफ्टवेअर संस्थेचं आहे, अमुक तारखेला काढलं जाईल, तोवर त्यात संस्थेचंच काम करावं. मानधनाचा शेवटचा पाचवा हिस्सा सर्व फाइली पोहोचल्यावर. आणि चित्रांच्या हक्कांबद्दल दोन ओळी. ही ओळ लायसन्सशी थेट जोडलेली नाही, पण पत्र काढतोच आहोत तर वकिलांनी घालायला लावली: हक्क हस्तांतर लेखी लागतं, आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो.

काढण्याचा क्रम मात्र आम्ही मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला. आधी फाइली. फाइली म्हणजे ड्राइव्हचा दुवा नव्हे. इनडिझाइनमधून 'पॅकेज' केलेलं फोल्डर, चित्रं आणि फाँटसकट, कचेरीतल्या सर्व्हरवर, आणि आमच्या एका माणसाने ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेलं. त्यानंतर लायसन्स काढायचं. मग गूगलचं खातं निलंबित. निलंबित खात्याचं बिल चालू राहतं, म्हणून ते दोन आठवडेच. शेवटी फाइलींचा मालक बदलून खातं पुसायचं.

'उघडून पाहिलेलं' हे शब्द नंतर घातले. पहिल्याच पॅकेजमध्ये फाँट आले नव्हते. अ‍ॅडोबीच्या वर्गणीतून चालू केलेले फाँट पॅकेजमध्ये येत नाहीत. ते वर्गणीसोबत राहतात, वर्गणी गेली की जातात. इंग्रजीत याचा अर्थ दिसणं बदलतं एवढाच. आमच्याकडे अजून काही जुने लेखक युनिकोडपूर्व फाँटमध्ये मजकूर पाठवतात, तिथे फाँट नसला तर मजकूरच वाचता येत नाही, पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून हंगामी कामासाठी फाँटची यादी ठरवून दिली. मथळ्यांना बालू, मजकुराला मुक्त. दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, खुल्या परवान्याचे, त्यामुळे दहा जणांना द्या की वीस जणांना. साहित्याच्या अंकाचा मुख्य फाँट विकत घेतलेला आहे. तो फक्त कचेरीतल्या संगणकांवर ठेवला, आणि त्या अंकाची अंतिम पानं कचेरीतच लागतील असं ठरवलं.

निकाल: पहिलं वर्ष

२०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. तीनही अंक वेळेत निघाले. चारही हंगामी लायसन्स तक्त्यातल्या तारखांना निघाली, एका आठवड्याच्या फरकाने. एकही फाइल हरवली नाही. त्याआधीच्या वर्षाचा निकाल पाहता हे पुरेसं होतं.

पण काकांच्या मोजणीत वर्ष ८४ खुर्ची-महिन्यांचं झालं. रिकाम्या झालेल्या चार खुर्च्यांपैकी एक डायऱ्यांना लागली, जानेवारीनंतर दोन व्यवसायमालांना. बाकीच्या जुलैपर्यंत रिकाम्याच. फिरवायची कल्पना कागदावर छान होती, पण फिरवायला बाराही महिने माणसं हवीत.

मूळ गोम तारखेत होती आणि ती आम्हाला दिसायला नोव्हेंबर उजाडला. विक्रेत्याकडच्या मुलीशी दुसऱ्याच कामासाठी बोलताना ती सहज म्हणाली, "मॅडम, मधे वाढवलं तर तुमच्या अ‍ॅनिव्हर्सरीपर्यंतचेच पैसे लागतात." हे आम्हाला माहीत होतं. त्याचा अर्थ लावला नव्हता. आमची नूतनीकरणाची तारीख १८ जुलै, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. त्या दिवशी गरज सर्वांत जास्त असते, आणि त्या दिवशी घेतलेली प्रत्येक खुर्ची पुढच्या जुलैपर्यंत गळ्यात पडते. हीच तारीख दिवाळीनंतर असती, तर जुलैत वाढवलेल्या खुर्चीचे पैसे फक्त नोव्हेंबरपर्यंतचे लागले असते, आणि नूतनीकरणाला ती सोडून देता आली असती.

कोणती तारीख? दिवाळी तिथीने चालते, करार इंग्रजी तारखेने. २०२३ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्याने पुन्हा ८ नोव्हेंबर. आमच्या जुन्या ऑपरेटरांनी पंचांग काढून पुढची काही वर्षं पाहिली आणि २५ नोव्हेंबर ठरवली. कुठल्याही वर्षी दिवाळी त्याआधी होऊन जाते, आणि छपाईनंतरच्या दुरुस्त्यांचे दिवसही त्यात बसतात. सॉफ्टवेअरच्या करारासाठी पंचांग उघडल्याचा प्रसंग माझ्या तरी माहितीत दुसरा नाही.

तारीख बदलायची कशी, यावर घासाघीस झाली. सगळी लायसन्स नव्या करारात न्यायची तर जुन्याचे आठ महिने दुहेरी पैसे. अण्णा साफ नाही म्हणाले. मधला मार्ग काकांनी सुचवला: २५ नोव्हेंबर २०२४ ला एकच लायसन्स घेऊन वेगळा करार सुरू करायचा. त्या एका खुर्चीचे आठ महिने जवळजवळ वाया जाणार, कारण जुन्या करारात जागा रिकाम्या होत्याच. पण तारीख हातात येणार. आठ खुर्ची-महिन्यांना अण्णा तयार झाले.

निकाल: दुसरं वर्ष

१८ जुलै २०२५ ला जुन्या करारात फक्त कायमचे तिघे ठेवले. त्याच दिवशी नव्या करारात तीन हंगामी खुर्च्या वाढवल्या, २५ नोव्हेंबरपर्यंतच्या. चौथ्या हंगामी माणसाला आधीची एक होतीच. पाककृतींचा अंक या वर्षी बाहेरच्या केंद्राला दिला होता. तो अनुभव संमिश्र, पण तो वेगळा विषय आहे. वर्षाचा हिशेब तीन गुणिले बारा, एक गुणिले बारा आणि तीन खुर्च्यांचे सव्वाचार महिने. ६१ च्या आसपास. १२० वरून ८४, ८४ वरून ६१.

धोका होता तो नूतनीकरणाचा. सोडून द्यायची लायसन्स आपणहून गळत नाहीत, आकडा कमी करून सांगावा लागतो. तो सांगायचा काळ नेमका भाऊबीज आटोपून लोक गावाहून परतत असतात तेव्हाचा. ३ नोव्हेंबरची आठवण तीन जणांच्या फोनमध्ये लावली. विक्रेत्याचं पहिलं कोटेशन चार खुर्च्यांचंच आलं, मागच्यावरून उचललेलं. परत पाठवलं, एकाचं करून घेतलं.

काय वेगळं करता आलं असतं

२०२३ मध्ये सात जणांना काय लागतं हे विचारलं असतं तर तीन लायसन्स घेतलीच नसती, आणि त्यासाठी वर्षभराचा धडा लागला नसता. आम्ही माणसं मोजली, कामं मोजली नाहीत.

नाशिकच्या खात्याबद्दल मला अजून वाटतं की फक्त क्रम चुकला नव्हता, निर्णय चुकीच्या माणसाने घेतला होता. बिल पाहणाऱ्याला खातं बंद करायचं असतं, पानं पाहणाऱ्याला ते चालू ठेवायचं असतं. दोघांनाही आपापल्या जागी बरोबर वाटतं. आता काढण्याच्या रांगेत शेवटची सही माझी असते, पण फाइली उघडून पाहणाऱ्याची सही आधी लागते. मी रजेवर असले तर ती रांग अडते. २०२५ मध्ये एकदा चार दिवस अडली. याला दुसरा अ‍ॅडमिन हवा, तो अजून नेमलेला नाही.

नव्या कराराची कल्पना एक वर्ष आधी सुचायला हवी होती. प्रोरेटचा, म्हणजे उरलेल्या मुदतीपुरतेच पैसे लागण्याचा, नियम कागदपत्रांत पहिल्या दिवसापासून होता. आम्ही किंमत वाचली, तारखेची ओळ वाचली नाही.

आणि एकच लॉगिन वाटून घेण्याचा प्रकार पुन्हा झाला का? २०२५ मध्ये एकदा, अर्धा दिवस, पुन्हा आमंत्रण स्पॅममध्ये गेल्यामुळे. आता आमंत्रण पाठवल्यावर मी फोन करते आणि समोरच्याने लॉगिन होईपर्यंत फोन ठेवत नाही.

विकत घेतलेल्या फाँटचा हिशेब मात्र अजून बाकी आहे. तो परवाना संगणकागणिक असतो, आणि कचेरीतल्या किती संगणकांवर तो चढलेला आहे ते मी परवाच मोजायला घेतलं. परवाना पाचाचा आहे. सातवा संगणक सापडल्यावर मोजणी थांबवून काकांना हाक मारली.